घोणस चावल्यावर रक्त का गोठत नाही?

मृगाचा पाऊस झाला की हिंगोली जिल्ह्यात हळद लागवडीची आणि सोयाबीन पेरणीची धांदल उडते. त्याच दिवसांत सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. हे केवळ हिंगोलीचे चित्र नाही. देशात सर्पदंशाने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. मरणारे बहुतेक ग्रामीण भागातले असतात आणि अनेकांचा मृत्यू दवाखान्यात पोहोचण्याआधी, घरीच होतो.

इतकी वर्षे सर्पदंशाकडे नशिबाचा घाला किंवा एक अपघात म्हणून पाहिले गेले. आता हा दृष्टिकोन सरकारी पातळीवर बदलतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने सर्पदंश प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची सक्तीने नोंद व्हावी, यासाठी तो ‘अधिसूचित’ करण्यास सांगितले.

आराखडा कागदावर चांगला आहे. पण वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरी किंवा हिंगोली तालुक्यातील एखाद्या गावात हळदीच्या वाफ्यात काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी पाच वाजता घोणस चावली, तर तिच्यासाठी नेमके काय बदलले पाहिजे? याचे उत्तर द्यायचे तर हे विष शरीरात काय करते, ते आधी समजून घ्यावे लागते. घाई का करायची, कोणती तपासणी करायची, लस किती द्यायची आणि पुन्हा केव्हा द्यायची, या सगळ्याची उत्तरे त्यात आहेत.

झोपवून ठेवलेली प्रथिने

आपल्या शरीरातील अनेक महत्त्वाची प्रथिने तयार होतात तेव्हा निष्क्रिय असतात. शरीर ती झोपवून ठेवते आणि गरज पडेल तेव्हाच जागी करते. जागे करण्याचे काम एन्झाइम म्हणजे विकरे करतात. ती निष्क्रिय प्रथिनाचा ठरावीक जागी छोटासा तुकडा तोडतात आणि ते प्रथिन कामाला लागते.

पचनाचे उदाहरण घेऊ. अन्नातील प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे विकर स्वादुपिंडात तयार होते, पण निष्क्रिय रूपात. ते आतड्यात पोहोचल्यावरच तिथले दुसरे विकर त्याला जागे करते. हेच ट्रिप्सिन चुकून स्वादुपिंडातच जागे झाले, तर ते स्वादुपिंडालाच पचवू लागते. दारू किंवा पित्ताशयातील खड्यांमुळे होणारा स्वादुपिंडदाह हा असह्य पोटदुखीचा आजार याच मार्गाने होतो. इन्सुलिनही आधी निष्क्रिय रूपात बनते आणि विकरांनी त्यातला मधला तुकडा काढल्यावर कामाचे होते. कोविडच्या विषाणूने तर आपल्या पेशींमधील फ्युरिन या विकराचाच वापर करून घेतला. विषाणूच्या पृष्ठभागावरचे काटेरी प्रथिन फ्युरिनने कापले की त्याला पेशीत शिरणे सोपे जाते.

विकर योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात काम करत असेल तर माणूस निरोगी राहतो. या तीनपैकी एक गोष्ट चुकली की आजार होतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे रक्त गोठण्याची प्रक्रिया.

रक्तात गोठण्याला मदत करणारी डझनभर प्रथिने सतत फिरत असतात. त्यांना घटक म्हणतात आणि रोमन आकड्यांनी ओळखतात. त्यांतील बहुतेक झोपलेली असतात. तशी ती नसती तर रक्त वाहिन्यांमध्येच गोठून गेले असते. विळा लागून बोट कापले की जखमेजवळ एक घटक जागा होतो, तो पुढच्या घटकाला जागे करतो आणि तो त्याच्या पुढच्याला. शेवटी दहावा घटक जागा होतो आणि पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनवतो. थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे तुकडे करून त्याचे फायब्रिनचे धागे करते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात, गुठळी होते आणि रक्त थांबते. ही साखळी १९६४ मध्ये शास्त्रज्ञांनी स्पष्टपणे मांडली. प्रत्येक पायरीवर काम वाढत जाते, म्हणून सुरुवातीचा छोटासा इशाराही शेवटी भक्कम गुठळी तयार करतो. आणि जखमेपलीकडे ही साखळी पसरू नये म्हणून तिला रोखणारी प्रथिनेही रक्तात हजर असतात.

विष या साखळीत कुठे शिरते

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे चार साप प्रामुख्याने सांगितले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष मुख्यतः नसा आणि स्नायू यांच्यातील संदेश अडवते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांचा मुख्य घाव रक्तावर असतो.

घोणसच्या विषात दोन विकरे विशेष महत्त्वाची आहेत. एक रक्तातील दहाव्या घटकाला थेट जागे करते, दुसरे पाचव्याला. फुरशाच्या विषातील एकॅरिन हे विकर आणखी एक पायरी पुढे जाऊन प्रोथ्रॉम्बिनलाच जागे करते. म्हणजे जखमेचा इशारा, मधल्या पायऱ्या, हे सगळे टाळून विष थेट साखळीच्या शेवटाकडे शिरते. शिवाय हे एका बोटाच्या जखमेपुरते होत नाही. विष जिथे जिथे रक्ताबरोबर पोहोचते, तिथे तिथे होते. आणि शरीराची रोखणारी प्रथिने विषातील या विकरांना आवरू शकत नाहीत.

मग रक्त गोठायला हवे, ते पातळ का होते? सर्वसामान्यांना हाच प्रश्न पडतो. कारण असे की विष रक्तातील फायब्रिनोजेन आणि इतर घटक झपाट्याने खर्च करून टाकते. सगळीकडे बारीक बारीक धागे बनतात आणि शरीराची स्वतःची यंत्रणा ते लगेच विरघळवूनही टाकते. काही तासांत साठा संपतो. आता खरी जखम झाली तरी गुठळी करायला रक्तात काहीच उरलेले नसते. दिवाळीत उडवायचे सगळे फटाके एका ठिणगीने पेटीतच उडून जावेत, तसे हे आहे.

त्याच वेळी विषातील दुसरी विकरे लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. भिंत गळते आणि गळती थांबवणारे रक्त गोठत नाही, असा दुहेरी घाव बसतो. चावलेल्या जागी सूज चढत जाते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लालसर होते, जुन्या खरचटलेल्या जखमाही पुन्हा वाहू लागतात. मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला तर जीव जातो. घोणसच्या दंशात मूत्रपिंडांवरही आघात होतो. लघवी कमी होत जाते आणि रुग्णाला डायलिसिस लागू शकते. रुग्ण वाचला तरी काहींच्या मूत्रपिंडांची दुबळीक पुढे टिकून राहते.

या विषाच्या ताकदीचा उपयोगही माणसाने करून घेतला आहे. लंडनमध्ये १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणसचे विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमांवर लावून पाहिले आणि रक्त थांबते असे दाखवले. रक्ताच्या एका विशिष्ट विकाराच्या निदानासाठी आजही प्रयोगशाळांमध्ये पातळ केलेले घोणसचे विष वापरतात. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल हे औषध आले. रक्तदाब वाढवणारा संप्रेरक जागा करणाऱ्या विकराला ते अडवते. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत मिळणारी एनालाप्रिलची गोळी त्याच घराण्यातली. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी दिले जाणारे टेनेक्टेप्लेजचे इंजेक्शनही रक्तातील एका झोपलेल्या प्रथिनाला जागे करूनच काम करते. विकर तेच तत्त्व पाळते. ते कोणाच्या ताब्यात आहे, यावर जीव वाचणे किंवा जाणे ठरते.

वीस मिनिटांची काचेची नळी

घोणस किंवा फुरसे चावल्यानंतर विष अंगात भिनले आहे का, हे ओळखण्याची सर्वांत उपयोगी तपासणी साधी आणि जवळजवळ फुकट आहे. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त काढायचे, ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत टाकायचे आणि नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्त घट्ट झाले असेल तर गोठण्याची यंत्रणा शाबूत आहे. ते पाण्यासारखे ओघळले तर साठा संपला आहे आणि रुग्णाला प्रतिविष लागणार आहे.

नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्तातील बारावा घटक जागा होतो आणि साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत ते नीट होत नाही. निरोगी माणसाचे रक्तही मग न गोठलेले दिसू शकते. साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली नळीही अशीच फसवते. म्हणून नळी नवी, कोरडी आणि काचेची हवी. शंका असेल तेव्हा सोबतच्या निरोगी नातेवाइकाचे रक्त दुसऱ्या नळीत ठेवून तुलना करता येते.

या तपासणीच्या मर्यादाही माहीत हव्यात. पहिली तपासणी ठीक आली म्हणून रुग्णाला घरी पाठवायचे नसते. विष हळूहळू पसरते, त्यामुळे ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते आणि रुग्णाला किमान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे लागते. नाग आणि मण्यार यांच्या दंशात तर रक्त सहसा व्यवस्थित गोठते. तिथे पापण्या, बोलणे, गिळणे आणि श्वास यांवर लक्ष ठेवावे लागते. मण्यार अनेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, घसा धरतो आणि पापण्या मिटू लागतात, तेव्हा साप पाहिलेला नसला तरी मण्यारीचा विचार करावा लागतो.

आता अनेक ठिकाणी रक्ततपासणीची यंत्रे आली आहेत आणि प्लास्टिकच्या निर्वात नळ्या सर्रास वापरल्या जातात. त्यामुळे ही जुनी काचेची नळी साहित्याच्या यादीतून गळून पडण्याचा धोका आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री प्रयोगशाळा बंद असते, तिथे निर्णय घेण्यासाठी डॉक्टरच्या हातात दुसरे काहीही नसते. काही रुपयांची नळी नाही म्हणून रुग्णाला साठ-सत्तर किलोमीटर पुढे पाठवणे ही उपचारातली मोठी गळती आहे.

लस काय करते आणि काय करत नाही

लोक जिला सापाची लस म्हणतात, ते खरे तर प्रतिविष आहे. घोड्यांना हळूहळू वाढत्या मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. महाराष्ट्रात हाफकिन महामंडळाचे पिंपरी येथील केंद्र हे प्रतिविष बनवते. देशात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. साप कोणता होता हे ओळखता आले नाही तरी उपचार अडत नाहीत. म्हणून साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नाही. त्या नादात वेळ जातो आणि कधी कधी दुसराही माणूस दंशाला बळी पडतो.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून टाकते. विषातील विकरे थांबतात. पण जे घटक खर्च झाले, ते प्रतिविष परत आणू शकत नाही. ते यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला काही तास लागतात. म्हणूनच पहिली मात्रा दिल्यानंतर साधारण सहा तासांनी काचेच्या नळीची तपासणी पुन्हा करतात. रक्त तरीही गोठत नसेल तर अंगात मोकळे विष शिल्लक आहे असे समजून आणखी मात्रा देतात. सुरुवातीला आठ ते दहा कुप्या लागतात आणि लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा द्यावी लागते, कारण साप मुलाच्या वजनाचा हिशेब करून विष सोडत नाही.

साखळी समजली की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. विष मोकळे फिरत असताना फक्त प्लाझ्मा किंवा रक्त चढवले, तर त्यातील नवे घटकही विष खर्च करून टाकते. जळत्या भट्टीत आणखी लाकूड घालण्यासारखेच ते ठरते. आधी प्रतिविष, मग गरज असेल तर प्लाझ्मा, हा क्रम त्यामुळेच आहे.

प्रतिविषाची भीती डॉक्टरांमध्येही असते, कारण ते घोड्याच्या रक्तापासून बनते आणि काही रुग्णांना थंडी वाजून येणे, अंगावर गांधी उठणे, रक्तदाब पडणे अशी प्रतिक्रिया येते. ती धोक्याची असते, पण तिच्यावर उपाय आहे. ॲड्रिनलिनचे इंजेक्शन भरून बाजूला ठेवले आणि रुग्णावर पहिला तास डोळा ठेवला, तर बहुतेक प्रतिक्रिया ग्रामीण रुग्णालयातच हाताळता येतात. आधी त्वचेवर थोडे टोचून पाहण्याचा काही उपयोग होत नाही. त्यात वेळ मात्र जातो. प्रतिविष पुढच्या रुग्णालयात मिळेल म्हणून न देता पाठवलेला रुग्ण वाटेत साठा संपवून बसतो. पहिली मात्रा सुरू करून १०८ रुग्णवाहिकेने पाठवणे हे अनेक वेळा जीव वाचवणारे पाऊल ठरते.

प्रतिविषाच्याही मर्यादा आहेत. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. विषातील विकरांचे प्रमाण वेगळे असेल तर तमिळनाडूच्या विषावर बनवलेले प्रतिविष मराठवाड्यातील घोणसवर तितक्याच ताकदीने चालेल असे गृहीत धरता येत नाही. निरनिराळ्या प्रदेशांतील विष गोळा करून प्रतिविष सुधारण्याची गरज म्हणूनच मांडली जाते. सध्या मात्र उपलब्ध प्रतिविष हेच एकमेव खात्रीचे औषध आहे आणि ते लवकर दिले तर उपयोगी पडते.

दोन हजार की अठ्ठावन्न हजार?

आता नोंदीच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारी आरोग्य यंत्रणेच्या २०१६ ते २०२० या काळातील अहवालांनुसार देशात दर वर्षी सरासरी सुमारे तीन लाख सर्पदंश आणि सुमारे दोन हजार मृत्यू होतात. दुसरीकडे घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात बारा लाख लोक सर्पदंशाने मेले, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती.

दोन हजार आणि अठ्ठावन्न हजार यांतील दरी म्हणजे दवाखान्यात न पोहोचलेली किंवा पोहोचूनही न मोजलेली माणसे. जी मोजली जात नाहीत, त्यांच्यासाठी प्रतिविषाच्या कुप्याही मागवल्या जात नाहीत. तालुक्यात किती दंश झाले, कोणत्या महिन्यात झाले, किती रुग्णांचे रक्त गोठत नव्हते, किती कुप्या लागल्या, किती जणांना डायलिसिस करावे लागले, एवढी माहिती जरी नियमित मिळाली तरी पुढच्या हंगामाचा साठा अंदाजपंचे न ठरवता हिशेबाने ठरवता येईल. सर्पदंश अधिसूचित करण्याचा खरा फायदा हा आहे. खासगी रुग्णालयांतील रुग्णही त्यामुळे मोजणीत येतील.

ग्रामीण दवाखान्यातील नोंदींनी उपचार कसे बदलतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे केली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू कमी होतात हे जगासमोर मांडले. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही, रुग्णाजवळ बसून लिहिलेली टिपणे लागली.

नोंदीचा संबंध पैशाशीही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे लागतात. मांत्रिकाकडून घरी आणि घरून स्मशानात असा प्रवास झाला, तर मृत्यूचे कारण कागदावर कुठेच येत नाही आणि कुटुंब मदतीलाही मुकते. या योजनेची आणखी एक बाजू लक्षात घ्यायला हवी. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात निंदणी, खुरपणी आणि हळद काढणी करणाऱ्या भूमिहीन मजुरांच्या नावावर सातबारा नसतो. सापाशी गाठ पडण्याचा धोका मात्र त्यांनाच जास्त असतो. सर्पदंशाचा आराखडा राबवताना या मजुरांचा विचार वेगळा करावा लागेल.

हिंगोलीत काय हवे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. हळदीचे पीक आठ-नऊ महिने शेतात उभे असते. ऑगस्टनंतर पानांची दाटी इतकी होते की वाफ्यातली माती दिसत नाही. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या काठची ओलिताची शेते असोत की खडकाळ माळरान, हातांनी आणि अनवाणी पायांनी काम करणारे मजूर दोन्हीकडे आहेत. गंभीर रुग्णाला आजवर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाव घ्यावी लागत असे. २०२४ मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढील काही वर्षांत जिल्ह्यातच डायलिसिस, कृत्रिम श्वसन आणि रक्तघटक यांची सोय भक्कम होणे त्यामुळे शक्य आहे.

तोपर्यंतही बरेच काही करता येते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात काचेच्या नळ्या, पहिल्या मात्रेपुरते प्रतिविष, ॲड्रिनलिन आणि श्वासासाठी अंबू बॅग असावी. पावसाळ्याआधी डॉक्टर आणि परिचारिकांची एक दिवसाची उजळणी व्हावी. आशा कार्यकर्तीला जवळचे प्रतिविष कुठे आहे, हे पाठ असावे. केंद्रातील प्रतिविष संपत आले की तालुक्याला कळावे आणि एका केंद्रातील कुप्या दुसऱ्या केंद्रात हलवता याव्यात. यातील कोणत्याही गोष्टीला नव्या इमारतीची गरज नाही.

शेतात आणि घरात

दंश झाल्यावर पहिले काम म्हणजे रुग्णाला शांत ठेवणे आणि हललेच पाहिजे इतकेच हलू देणे. चालत किंवा पळत गेल्याने विष वेगाने पसरते. हात किंवा पाय फळीला बांधून, हाड मोडल्यावर बांधतात तसा स्थिर करावा. अंगठी, कडे, पैंजण, जोडवी काढून घ्यावीत, कारण सूज चढणार असते. घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये, मिरची किंवा औषधी पाला खायला देऊ नये. हळद लावून विष उतरत नाही. गावच्या डॉक्टरांनी दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन देऊ नये, कारण रक्त गोठत नसेल तर सुईच्या जागीही मोठा रक्तस्राव होतो. आधीच घट्ट दोरी बांधली असेल तर ती रुग्णालयात डॉक्टरांसमोरच सोडावी. १०८ ला फोन करावा, रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघावे.

मांत्रिकाकडे गेलेले अनेक जण बरे होतात, हे खरे आहे. त्याचे कारण असे की बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ते रुग्ण मंत्र न घालताही बरे झाले असते. ज्यांच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्यांच्या रक्तातील साठा मात्र मांत्रिकाच्या अंगणात मिनिटामिनिटाला कमी होत असतो.

दंश टाळणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे. शेतात गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत. गवत, पाला किंवा हळदीच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने चाळवावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. जमिनीवर झोपू नये, खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. घराजवळ लाकडे, कडबा आणि धान्याचे ढीग ठेवू नयेत. मजूर कामाला लावणाऱ्या शेतकऱ्याने बुटांचे चार-पाच जोड विकत घेऊन ठेवले, तर ते अनेक हंगाम टिकतात.

घोणसच्या विषातील विकर आपले काम काही मिनिटांत सुरू करते. त्याला थांबवणारे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ते केव्हा द्यायचे, हे एक काचेची नळी वीस मिनिटांत सांगते. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असतील तर दंश झालेल्या माणसाने दवाखान्याची वाट धरली पाहिजे आणि दवाखान्यात ती नळी, ती कुपी आणि ती नोंद ठेवणारे हात तयार असले पाहिजेत. येणाऱ्या प्रत्येक खरीप हंगामात जिल्ह्याने स्वतःला विचारावा असा प्रश्न एवढाच आहे की आपल्या कोणत्या आरोग्य केंद्रात या तिन्ही गोष्टी रात्री दोन वाजताही मिळतील.